घडीची सायकल

प्रियंका : नाही साहेब, चाक लहान म्हणून सायकल पोरांची होत नाही. असल्याच सायकलीवर माणसं लेहपर्यंत जाऊन आलीत.

कृष्णात : लेहचं मला सांगू नगा. तितं दोन हिवाळं काढल्यात मी. माझं इचारणं वेगळं हाय. हे मधी बिजागर हाय बघा, ते खड्ड्यात निखळलं म्हंजे? सांगली सोडली की रस्त्याचा काय भरवसा?

प्रियंका : बिजागराला दुहेरी खटका आहे. एक सुटला तरी दुसरा धरतो. फक्त निघायच्या आधी दरवेळी हात लावून बघायचं, बंद आहे ना म्हणून. विसरायचं नाही.

कृष्णात : आर्मीवाला हाय मी. चेक केल्याबिगर पायात बूट घालत न्हाई. आन् ही धाकटी? हिची घडी लय बारीक हुती. मला हीच बरी वाटतीया.

प्रियंका : घडी लहान होते, खरंय. रेल्वेच्या बर्थखाली सरकते. पण तिची ट्यूब इकडं मिळत नाही. मलाच बाहेरून मागवावी लागते. ही मोठी, वीस इंची, तिचं तसं नाही. लहान पोरांच्या सायकलींना तीच ट्यूब लागते, त्यामुळं कुठल्याही गावात मिळते. औंधात मिळेल, विट्यात मिळेल, जतात मिळेल.

राजेश्वरी : जतात मिळंल?

कृष्णात : ही आमची मिसेस, राजेश्वरी. माहेर जतकडचं. म्हणून कान टवकारलं.

प्रियंका : ताई, बसा ना. मघापासनं उभ्याच आहात.

राजेश्वरी : बसत न्हाई. चारच्या आत घरी पोचायचंय. कडेगावच्या पुढं हाय गाव आमचं.

कृष्णात : लागू दे की जरा टाइम. सुभेदार म्हणून रिटायर झालो, त्याला तीन वरसं झाली. घराला पत्रा घातला, हिरीवर मोटर बसवली, हिला फ्रीज आणला. आज पयल्यांदा माझ्यासाठी काय तरी घेतोय.

प्रियंका : कुठं कुठं जायचा बेत आहे साहेब?

कृष्णात : जितं जितं पोस्टिंग हुतं तितं तितं. पठाणकोट, राजौरी, तेजपूर. तवा काय बघितलं मी? ट्रकात चढ म्हटलं, चढलो. उतर म्हटलं, उतरलो. आता ठेसनावर उतरायचं, सायकल उघडायची, आन् मनाला यील तिकडं वळायचं. कुणाचा हुकूम न्हाई.

प्रियंका : मग दोन घ्या की. जोडीनं जा. दोन घेतल्या तर बॅगा माझ्याकडनं.

राजेश्वरी : जोडीनं न्हाई जमत.

प्रियंका : गुडघे दुखतात का?

राजेश्वरी : गुडघं चांगलं हायत. मुलगा हाय आमचा, शिवतेज. बाविशीचा. त्याला बोलाय येत न्हाई, आन् एकटा ठेवता येत न्हाई. फीट येती मधनं अधनं. दोघातल्या एकानं घरात पायजेच. आता शेजारच्या हरणाबाई बसल्यात त्याच्यापाशी, म्हणून दोघं आलुया.

प्रियंका : सॉरी ताई. मला कल्पना नव्हती.

राजेश्वरी : त्यात सॉरी काय. ह्या वीस इंचीला साखळीवर झाकण हाय का?

प्रियंका : आहे ना. हे बघा.

राजेश्वरी : बरं. त्याला बोटं घालायची सवय हाय. आन् घडी केल्यावर कपाटात बसंल? अंगणात हुबी ऱ्हाणारी वस्तू त्यो हुबी ऱ्हाऊ देत न्हाई. आडवी करतो. कुलपात जायला पायजे.

प्रियंका : पत्र्याच्या कपाटाचा खालचा कप्पा काढला तर आरामात बसेल.

राजेश्वरी : उचलाय जड हाय?

प्रियंका : उचलून बघा. गॅसच्या भरलेल्या टाकीच्या निम्म्याहून कमी.

राजेश्वरी : हलकीच हाय की. शिवतेजला उठवताना ह्याच्या दुप्पट जोर लागतो. एसटीच्या डिकीत घेत्यात?

प्रियंका : बॅगेत घातली तर घेतात. कंडक्टर थोडी कुरकुर करतो. लगेजचं तिकीट काढा, गप्प बसतो.

कृष्णात : आगं, मी रेल्वेनं जाणार. एसटीचं कशाला?

राजेश्वरी : मधी दांडी न्हाई हिला.

प्रियंका : म्हणूनच बायकांना बरी पडते. साडीवर सुद्धा चालवता येते. सीट हवं तेवढं वर-खाली होतं. साहेबांसाठी वर, तुमच्यासाठी खाली. चालवून बघता?

कृष्णात : येती तिला. शाळंला जायची बापाच्या सायकलवरनं. पर त्याला जमाना झाला. पडली-बिडली म्हंजे?

राजेश्वरी : पडले तर उठंन. पर्स धरा. मोबाइल त्यात हाय.

प्रियंका : गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन या ताई. हळू हं. हँडल लगेच वळतं. लहान चाकाला घाई असते.

\*

कृष्णात : गल्लीचं टोक किती लांब हाय?

प्रियंका : ते काय, त्या झेरॉक्सच्या दुकानापाशी. तुम्ही चहा घ्या. गार होतोय.

कृष्णात : झेरॉक्सपाशी तर कोण दिसंना. गेली कुटं?

प्रियंका : वळसा घालून येतील मागच्या गल्लीनं. नवीन सायकल हातात आली की सगळे तसंच करतात.

कृष्णात : सगळ्यांचं सोडा. हिला सांगितलं तेवढंच करायची सवय हाय. थांबा, फोन वाजतोय तिचा. हॅलो?

हरणाबाई : राजेश्वरी, आगं कुटवर आलीस? पोरानं ताट भिरकावलं बघ. भात समदा भिताडाला.

कृष्णात : हरणाबाई, मी कृष्णात बोलतोय.

हरणाबाई : तुमी? तिला द्या की.

कृष्णात : ती... ती सायकलवर गेलीया.

हरणाबाई : कशावर?

कृष्णात : सायकलवर. यील आता. काय झालं सांगा.

हरणाबाई : दाराच्या कडीला धरून हुबा हाय, सोडीना. कडी बोटात रुतलीया त्याच्या. काय करू? ती कायतरी म्हणती बघा त्याला, मग ऐकतो. काय म्हणती ती?

कृष्णात : काय म्हणती?

हरणाबाई : आवं मला ठाऊक असतं तर फोन कशाला केला असता?

कृष्णात : त्याला बसवा. खुर्चीवर बसवा.

हरणाबाई : बसंना म्हणून तर बोलतीया!

कृष्णात : मग पाणी द्या. टीव्ही लावा. हरणाबाई, ती आली की लगेच फोन करतो. ठेवतो.

प्रियंका : साहेब, काही प्रॉब्लेम आहे का? मी माझी स्कूटर काढून बघून येऊ का ताईंना?

कृष्णात : नगं. यील. तुमच्या दुकानाला मागनं दार न्हाई का?

प्रियंका : नाही. का हो?

कृष्णात : काय न्हाई. हवा यीना म्हणून इचारलं. परत वाजतोय बघा. एवढ्यांदा वाजतो व्हय हिचा फोन रोज?

प्रियंका : उचला ना.

कृष्णात : उचलून काय सांगू? मला सांगा तुमी, उचलून काय सांगू मी तिला?

प्रियंका : आल्या बघा. त्या काय, ताई आल्या.

कृष्णात : आगं कुटं हुतीस? गल्लीच्या टोकापर्यंत सांगितलंतं न्हवं?

राजेश्वरी : पुलावर गेलेते.

कृष्णात : आयर्विन पुलावर? एवढ्या गर्दीतनं? वळायचं इसरलीस का काय?

राजेश्वरी : इसरले न्हाई. वळले न्हाई.

कृष्णात : तिकडं हरणाबाई बोंबलायल्यात. पोरगं कडी सोडीना.

राजेश्वरी : आणा फोन. हरणाबाई, मी बोलतीया. स्पीकरवर टाका आन् त्याच्या कानाशी धरा. शिवू. शिवू, साकु. साकु बा. हां. सोडली? सोडली न्हवं? आता बोटाला तेल लावा. येतोय आमी.

प्रियंका : कशी वाटली सायकल?

राजेश्वरी : सुरवातीला बावचळली. मग तिचं तिला कळलं. पुलावर एक म्हातारी कणसं भाजत हुती. म्हणली, कुटनं आलीस बाई? म्हटलं, आशीच आले. असं कुणाला कवा म्हटलंच न्हवतं मी. ही बांधून द्या. बॅग पण द्या.

कृष्णात : थांबा की. माझं वजन पेलंल का हिला, ते इचारायचं ऱ्हायलंय.

राजेश्वरी : तुमची न्हवं. माझी.

\*

कृष्णात : आता बस बोंबलत गाडीत. पुढं उसाच्या दोन ट्रॉल्या, त्यांच्या फुडं बैलगाड्या. कारखाना चालू झाला की ह्यो रस्ता माणसांचा ऱ्हात न्हाई.

राजेश्वरी : काच खाली करा.

कृष्णात : धूळ येती.

राजेश्वरी : येऊ द्या.

कृष्णात : त्या पोरीसमोर मला काय बोलायला लावलंस? मिलिटरीतला माणूस मी. मान खाली घालून पैसं दिलं.

राजेश्वरी : मी कुटं काय बोलले? सायकल माझी म्हटलं. एवढंच.

कृष्णात : आन् जाणार कुटं तू?

राजेश्वरी : बघंन. पयल्यांदा औंधाला. यमाईच्या डोंगरावर. मग पुढं.

कृष्णात : औंधाला गाडीनं न्हेतो की मी. सकाळी जाऊन दुपारी माघारी.

राजेश्वरी : तेच नगं मला. दुपारी माघारी. सगळ्या जाग्यावरनं दुपारी माघारी आले मी. भावाच्या लग्नातनं अक्षता पडल्या आन् माघारी. आई गेली, तिला न्हेली, तवा अंगणातनंच हात जोडलं आन् माघारी. परतायचं कवा, ते ठरवल्याबिगर एकदा जायचंय मला.

कृष्णात : आन् शिवतेज?

राजेश्वरी : तुमी हाय की.

कृष्णात : मी?

राजेश्वरी : मग सायकल घेऊन पठाणकोटला निघालाता, तवा शिवतेजचं काय ठरवलंतं?

कृष्णात : तू हुतीस की.

राजेश्वरी : ट्रॉली हालली बघा. घ्या फुडं.

कृष्णात : हालली कुटं? दोन हात सरकली. आगं, मला त्याचं काय येत न्हाई. तुला सवय हाय. तुझं ऐकतो त्यो. मी जवळ गेलो की अंग चोरतो. मला बाप म्हणून वळखत सुद्धा न्हाई त्यो.

राजेश्वरी : वळखतो. तुमचा रेडिओ लागला की उठून बसतो. तुमी बघत न्हाई त्याच्याकडं.

कृष्णात : बघवत न्हाई मला.

राजेश्वरी : ते ठाऊक हाय मला.

कृष्णात : खरं सांगू? बंकरात कवा जीव घुसमटला न्हाई माझा. सहा फूट बरफ वर, आत दहा माणसं, रॉकेलचा धूर. तरी न्हाई. आन् आता चांगलं चार खोल्यांचं घर, पर दुपारी तीन वाजलं की वाटतंय, छताचा पत्रा हळूहळू खाली यायलाय. त्यो एका लयीत डुलत असतो, तू भांडी घासत असतीस. मी गेटपातूर जातो आन् माघारी येतो. गेटपातूर जातो आन् माघारी. म्हणून सायकल बघाय लागलो. रात्रंदिस मोबाइलवर तेच बघत हुतो.

राजेश्वरी : बघितलंय मी तुमाला, बघताना.

कृष्णात : मग बोलली का न्हाईस?

राजेश्वरी : काय बोलू? तुमाला तीन वरसात जे झालं, ते मला कवाच झालंतं. ज्याला जागा मिळंल त्यानं आधी निघायचं, असं असतंय ते. सायकल सुद्धा आली तर एकच आली.

कृष्णात : दुसरी घेऊ.

राजेश्वरी : दुसरी घेऊन काय? एकदम न्हाईच निघता यायचं आपल्याला. कवाच.

कृष्णात : इंजिन बंद करतो. तापलंया.

राजेश्वरी : एक सांगायचं हुतं. बरेच दिस झालं, जिभंवर येतंय आन् माघारी जातंय.

कृष्णात : सांग.

राजेश्वरी : त्याची आंघोळ.

कृष्णात : काय त्याचं?

राजेश्वरी : लहान हुता तवर काय न्हाई वाटलं. आता बाप्या माणूस हाय त्यो. दाढी मी करते, एक येळ दाढीचं चालंल. आंघोळीला मात्र त्यो भिताडाकडं तोंड करतो. हातानं झाकतो. त्याला बोलाय येत न्हाई म्हणून लाज काय कळत न्हाई व्हय? मी डोळं मिटून पाणी वतते. डोळं मिटून साबण लावते. रोज. आन् तुमी भाईर पेपर वाचत बसलेला असता.

कृष्णात : मला कवा सांगितलं न्हाईस.

राजेश्वरी : आवाज येत न्हाई व्हय तुमाला? न्हाणी आन् तुमची खुर्ची, मधी एक पडदा हाय.

कृष्णात : राजेश्वरी...

राजेश्वरी : मागचा हॉर्न मारायलाय. चालू करा गाडी. ट्रॉली गेली फुडं.

कृष्णात : कवा निघणार?

राजेश्वरी : त्याच्या गोळ्या तुमाला पाठ झाल्या की.

\*

(पंधरवड्यानंतर. राजेश्वरी औंधाला, कृष्णात घरी. दोघं फोनवर.)

कृष्णात : कुटं हाईस? किती डाव लावला फोन.

राजेश्वरी : डोंगर चढत हुते. यमाईच्या पायऱ्यांवर बसलीया आता. रहिमतपुरात एसटीतनं उतरले आन् तिथनं सायकल. कंडक्टर म्हणला, नातवाला न्हेताय का सायकल? म्हटलं, व्हय.

कृष्णात : पायात गोळं आलं असतील.

राजेश्वरी : आल्यात. एका चढावर उतरून ढकलत न्हेली. एक टेम्पोवाला थांबला, म्हणला, मावशी, टाका मागं. न्हाई म्हटलं. तुमी सांगा. जेवला का शिवू?

कृष्णात : न्हाई. तू गेल्यापासनं गेटाला धरून हुबा हाय. उन्हात. आत यीना, खाईना. मी रागावलो जरा.

राजेश्वरी : वरडला?

कृष्णात : वरडलो. जवानावर वरडतो तसा. मग खाली बसला आन् डोकं आपटाय लागला. मी हात मधी घातला. हाताला लागलंय माझ्या. मला सांग, ते काय म्हणतीस तू त्याला? तुझं ते साकु-फिकु. मी म्हटलं, ऐकंना.

राजेश्वरी : साकु म्हंजे पुरं. जेवायला तसं न्हाई म्हणायचं. म्हणायचं, ऊटा माडु बा.

कृष्णात : हे कन्नड हाय?

राजेश्वरी : व्हय.

कृष्णात : त्याला कन्नड कळतंय?

राजेश्वरी : पयली पाच वरसं आईपाशी हुतो आमी, जतकडं. आई त्याच्याशी कन्नडच बोलायची. तेवढंच बसलं त्याच्या डोक्यात. मराठीतलं त्याला लय कमी कळतंय.

कृष्णात : म्हंजे बावीस वरसं माझ्या घरात माझा पोरगा कन्नड ऐकतोय, आन् मला पत्ता न्हाई?

राजेश्वरी : घरात तुमी कितीसं हुता? रजेवर यायचा, गावभर हिंडायचा. म्हणा आता. हळू म्हणा. ऊटा माडु बा.

कृष्णात : उटा माडू बा.

राजेश्वरी : ऊ लांबवा. आईनं हाक मारल्यागत.

कृष्णात : ऊटा... शिवू, ऊटा माडु बा. आगं, बघितलं त्यानं. माझ्याकडं बघितलं.

राजेश्वरी : आता फुडं जाऊ नगा. माघारी वळा आन् घरात चाला. त्यो येतो मागनं. हात धरून वढला तर न्हाई यायचा.

कृष्णात : आन् आला न्हाई तर?

राजेश्वरी : मागं बघू नगा. चाला.

कृष्णात : चाललोय. पायरी चढलो. सैपाकघरात आलो. काय आवाज येत न्हाई मागनं.

राजेश्वरी : ताट घ्या.

कृष्णात : घेतलं. वाढतोय. राजेश्वरी, त्यो...

राजेश्वरी : आला?

कृष्णात : दारात हुबा हाय. ठेवतो फोन.

\*

(दुसऱ्या दिवशी. परत फोनवर.)

राजेश्वरी : हॅलो. हॅलो, ऐकू येतंय? तीन मिसकॉल हायत तुमचं. मी चढावर हुते. आता वडूजच्या स्टँडावर आलीया. काय झालं? आवाज का असा?

कृष्णात : त्याला फीट आलीती.

राजेश्वरी : कवा?

कृष्णात : मघाशी. आता बरा हाय. झोपलाय.

राजेश्वरी : मी येते. सायकलची घडी करते आन् बसते. कऱ्हाडची गाडी लागलीया समोर.

कृष्णात : थांब. आधी ऐकून घे.

राजेश्वरी : काय ऐकू? कुटं आली फीट? न्हाणीत? न्हाणीत आली काय?

कृष्णात : न्हाई. आंघोळ सकाळीच घातली. साबण त्यानं माझ्याच डोळ्यात घातला. दोघंबी भिजलो. ते जाऊ दे. फीट गाडीत आली.

राजेश्वरी : गाडीत? कुटं न्हेलंतं त्याला?

कृष्णात : कुटंच न्हाई. तुला खरं सांगतो. आंघोळ झाली, जेवण झालं, तीन वाजलं, आन् ते परत सुरू झालं. पत्रा खाली यायला लागला. किल्ली घेतली मी आन् भाईर आलो. म्हटलं, हरणाबाईला सांगतो, तासाभरासाठी बस. न्हाईतर सांगतच न्हाई. आधी निघतो, नाक्यावर जाऊन सांगतो.

राजेश्वरी : मग?

कृष्णात : ह्यो मागं हुबा. हात पुढं केलेला. त्याला वाटलं, त्याला न्हेतोय. मला काय सुचंना. दार उघडलं, मागच्या शिटावर बसवला, मीबी शेजारी बसलो. गाडी चालू केलीच न्हाई. गेटाच्या आतच. काचा खाली करून दोघं बसून ऱ्हायलो. रस्त्यावरनं जाईल त्याला त्यो हात करत हुता.

राजेश्वरी : गाडीतनं हात करतो त्यो. मला ठाऊकच न्हवतं.

कृष्णात : मग अंग ताठलं त्याचं. तू सांगितलंतं तसं कुशीवर घेतला. तोंडात काय घातलं न्हाई. हात धरलं न्हाईत. नुसता मोजत बसलो. लय वेळ गेल्यागत वाटलं. पर थांबली. तोंड पुसलं. मग झोपला.

राजेश्वरी : घाबरला न्हाई तुमी?

कृष्णात : घाबरलो. आन् ऐक, त्यो झोपला, तवा पण मला वाटलं, आता किल्ली लावावी आन् जावं कुटंतरी. लांब. हे वाटायचं थांबणार हाय का न्हाई?

राजेश्वरी : मला सांगता येत न्हाई. मला कालपर्यंत वाटत हुतं. आता वडूजात आल्यावर वाटतंय, घर कसं असंल.

कृष्णात : म्हंजे तितंबी सुटका न्हाई.

राजेश्वरी : थोडी हाय. चढावर असते तवा काय वाटत न्हाई. दमच लागलेला असतो. मी येते. गाडी सुटंल.

कृष्णात : येऊ नगंस.

राजेश्वरी : डोकं-बिकं दुखंल त्याला उठल्यावर.

कृष्णात : दुखंल. गोळी कुटली ती ठाऊक हाय मला. तू आलीस तर परत समदं तुझ्या अंगावर टाकून मी गेटापाशी जाऊन हुबा ऱ्हाईन. वळखतो मी मला. येऊ नगंस आज.

राजेश्वरी : आन् उद्या?

कृष्णात : उद्याचं उद्या.

राजेश्वरी : तुमी बसलाय कुटं आता? घरात न्हेला न्हवं त्याला?

कृष्णात : कसा न्हेऊ? गाडीतच हाय. डोकं माझ्या मांडीवर हाय त्याचं. पाय पार मेलाय माझा. मुंग्या सुद्धा यायच्या थांबल्या.

राजेश्वरी : आवं, उशी सरकवा की खाली.

कृष्णात : उशी घरात. उठल्याबिगर आणायची कशी? आन् उठलो की जागा व्हील.

राजेश्वरी : हरणाबाईला हाक मारा.

कृष्णात : नगं. बसतो असाच. ऊन बी गेलंय आता शिटावरनं. तू सांग, वडूजपासनं फुडं रस्ता कसा हाय?

राजेश्वरी : दहिवडीकडं चढ हाय म्हणत्यात. मग पार उतार. टपरीवाल्याला इचारलं मी. आवं, ती कऱ्हाडची गाडी सुटली बघा! गेली की! मी हितंच हुबी!

कृष्णात : आगं, हळू बोल. झोपलाय.